डब्यात काय?

लतिकाबाईंनी एका मंगळवारी वरणात मीठ घातलं नाही. विसरल्या नव्हत्या, मुद्दाम घातलं नाही. नवऱ्याला एकदा पारखून पाहावं, असं कितीतरी दिवसांपासून त्यांच्या मनात होतं. देवराव ताटावर बसले, भात कालवला, वर लिंबू पिळलं, दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं, हात धुतले आणि ड्यूटीचा शर्ट अडकवून निघाले.

"वरण कसं झालं होतं?" लतिकाबाईंनी दारातून विचारलं.

"चांगलं होतं," देवराव म्हणाले आणि त्यांनी मोटारसायकलला किक मारली.

लतिकाबाई चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या. हा माणूस एके काळी भाजीत सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, चार काड्या कमी पडला तरी भिवया चढवायचा. कुणाच्या लग्नात कढी फाटली होती, हे त्याला दहा वर्षांनीही सांगता यायचं. दोन वर्षांपासून मात्र त्याच्यापुढे काय वाढलं आणि काय नाही, सगळं सारखंच. त्यांनी मिठाची बरणी उघडली, उरलेल्या वरणात चमचाभर मीठ ढवळलं आणि स्वतः जेवायला बसल्या.

देवराव लांजेवार पिंपळझरीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. कळमेश्वरच्या पुढे, रस्त्याला लागून, तारेच्या कुंपणात ती जागा आहे. कोराडीकडून मोठ्या मनोऱ्यांवरून येणाऱ्या विजेचा जोर वाटेत टप्प्याटप्प्यानं उतरवतात, आणि शेवटी अशा एखाद्या उपकेंद्रातून ती गावोगावच्या लाईनींवर सोडतात. कोणती लाईन चालू आणि कोणती बंद, हे ज्याच्या बोटावर तो ऑपरेटर. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात आठ तास एका खोलीत बसायचं, दर तासाला काटे पाहून रजिस्टरात आकडे मांडायचे आणि लाईन कवा येईन म्हणून विचारणाऱ्या अर्ध्या तालुक्याच्या शिव्या खायच्या. देवरावांनी हे तीस वर्षं केलं. शिव्यांना ते गोड उत्तर द्यायचे, कारण पलीकडच्याला उकडतंय हे त्यांना कळायचं.

या कामात एक गोष्ट मात्र खरोखर मोठी आहे, आणि ती म्हणजे परमिट. लाईनवर काम करायचं असलं की लाईनमन ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करतो, कुलूप लावतो, वर लाल पाटी अडकवतो. मग ज्यानं परमिट घेतलं त्याच माणसानं, काम झालं, सगळे खाली उतरले, असं स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत ती पाटी निघत नाही. साधा नियम आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात आणि पाळला तर शेवटच्या दिवसापर्यंत पुरतो.

तेरा वर्षांपूर्वी तो एकदा पाळला गेला नव्हता. वसंत ठवकर नावाचा लाईनमन तेव्हा तिथं नवीनच आलेला. फोनवर खरखर होती, कुणीतरी झालं म्हणून सांगितलं, देवरावांना तो वसंताच वाटला आणि त्यांनी लाईन सोडली. वसंताचा हात तारेवरून नुकताच निघाला होता. तो संध्याकाळी उपकेंद्रात आला, पांढराफटक, आणि बाकावर बसून नुसता पाणी पीत राहिला. देवरावांनी त्याच्या समोर बसून एक युक्ती काढली.

"आजपासून मी तुले सकाळी विचारीन, डब्ब्यात काय हाय. परमिट वापस करताना पुन्हा विचारीन. तू सोता सांगशीन, तवाच लाईन सुरू."

"डब्बा काहून, भाऊ? एखादा नंबर ठेवू ना."

"नंबर चार दिवसांत सगळ्याइले माहीत होते. डब्बा रोज अलग राह्यते. अन् तुह्या घरची भाजी तूच सांगू शकतं."

तर असं ते सुरू झालं. वसंताच्या टोळीतल्या माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, पिंपळझरीच्या ऑपरेटरला खाण्याची भारी हौस आहे. कधी दुसऱ्या कुणी फोन लावला आणि पलीकडून "डब्ब्यात काय होतं, इचार बरं वसंताले" असं आलं, की तो हसत हसत फोन वसंताच्या हातात द्यायचा. देवरावांना तेवढंच पाहिजे असायचं. लोक खादाड म्हणाले तर म्हणोत.

अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षांत देवरावांना वसंताच्या घरचा सगळा स्वयंपाक पाठ झाला. सोमवारी चवळीच्या शेंगा, पाव्हणे आले की पातोडी, थंडीत सांबारवडी. नुसती लसणाची चटणी आणि पोळी असली म्हणजे घरात भांडण झालंय, हेही कळायचं आणि ते मग दिवसभर वसंताला छळायचे. वसंताची बायको देवकी हिला ही युक्ती ठाऊक होती. आपली भाजी रोज दोनदा जाहीर होते म्हटल्यावर ती मन लावून डबा करायची. सणावाराला भेटली की म्हणायची, "भाऊजी, परवा शिराळ्याची भाजी कच्ची राह्यली होती, ते सांगतलं का यायनं?" देवराव गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की रजिस्टरात तशी नोंद झाली आहे.

बोरटोली ही चाळीस-एक घरांची वस्ती जंगलाच्या कडेला होती. पिंपळझरीच्या लाईनीचा शेवटचा खांब तिथून दीड किलोमीटरवर येऊन थांबला होता. मधल्या जंगलातून खांब न्यायची परवानगी सहा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. मध्यंतरी घरोघर सोलरचे दिवे लागले. तीन पावसाळे चालले, मग त्यांच्या प्लेटांवर बायका मिरच्या वाळत घालू लागल्या. टोलीतला एक माणूस रोज सायकलवर पिशवीभर मोबाईल घेऊन पिंपळझरीच्या पानठेल्यावर यायचा आणि चार्ज करून परत न्यायचा. उपकेंद्राच्या खिडकीतून देवरावांना तो दिसायचा.

परवानगी शेवटी आली. ट्रॅक्टर जंगलात शिरेना, तेव्हा टोलीतल्या माणसांनी सिमेंटचे खांब खांद्यावर वाहिले. एका खांबाला वीस-वीस माणसं. वसंता सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिकडे जायचा. टोलीतल्या सिंधूताई नावाच्या बाईनं त्याला बजावून ठेवलं होतं, "लाईट येईन त्या दिवशी तुम्ही सगळे माह्या हातचं जेवान. घरून काही आनू नका."

तो दिवस फेब्रुवारीतला. नवी लाईन जुनीला जोडायची तेवढी राहिली होती. सकाळी अकराला वसंता परमिट घ्यायला आला. सोबत दुर्गेश होता. चाळिशीतला, कंत्राटावरचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तो बाहेर टेम्पोत सामान चढवत होता.

"डब्ब्यात काय हाय गा, वसंता?" देवरावांनी विचारलं.

"आज डब्बाच नाही, भाऊ. सिंधूताईच्या इथं जेवण हाय. देवकीले सुट्टी देल्ली."

"मंग संध्याकाळी काय सांगशीन?"

"हेच. डब्बा नाही म्हणीन."

देवरावांनी परमिट लिहिलं. नंबर सत्तेचाळीस. वसंतानं सही केली आणि गेला.

दुपारी साडेतीनला उपकेंद्रात गाड्या आल्या. मोठे साहेब आले, त्यांच्यासोबत पाहुणे आले, फोटो काढणारा आला. पाहुण्यांनी इथलं बटण दाबायचं आणि मग टोलीत जाऊन दिवे पाहायचे, असा कार्यक्रम होता. पॅनलला झेंडूचा हार घातला होता. एरवी एकट्या देवरावांची ती खोली नऊ माणसांनी भरून गेली. पाहुण्यांना पुढे आणखी एक कार्यक्रम होता, ते घड्याळ पाहत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं की साहेब देवरावांकडे पाहायचे.

तीन पन्नासला फोन वाजला. नंबर वसंताचा.

"परमिट सत्तेचाळीस वापस. काम झालं, सगळे खाली हायेत."

आवाज दुर्गेशचा होता. खरखर वगैरे काही नव्हती, स्वच्छ ऐकू आलं, आणि देवरावांनी तो ओळखला. प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. खोलीत सगळे गप्प होते, सगळे त्यांच्याकडे पाहत होते. फोटोवाल्यानं कॅमेरा वर धरला होता. या सगळ्यांच्या देखत, पाहुण्यांच्या देखत, डब्ब्यात काय होतं म्हणून विचारायचं? साहेब काय म्हणतील? नंतर महिनाभर ऑफिसात हसतील.

"ठीक हाय," ते म्हणाले. रजिस्टरात वेळ लिहिली, लाल पाटी काढली, कुलूप काढलं आणि बाजूला झाले. पाहुण्यांनी बटण दाबलं. काटा एकदम उडाला, पॅनलवरचा बिघाडाचा दिवा लागला आणि लाईन आपोआप बंद पडली. टाळ्या तरीही थोडा वेळ वाजत राहिल्या.

वसंता काम संपवून खाली उतरला होता, हे खरं. लाईन जमिनीला जोडणारी साखळीही त्यानंच काढून आणली होती. त्यानं पाणी प्यायलं, फोन दुर्गेशला दिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पाना वरच राहिला. तो आणायला वसंता परत चढला. दुर्गेश टेम्पोकडे तोंड करून फोनवर बोलत होता.

चौकशी झाली. फोन वसंताच्याच नंबरवरून आला होता. परमिटचा नंबर बरोबर, वेळ बरोबर, रजिस्टर स्वच्छ. चौकशीच्या साहेबांनी देवरावांना विचारलं, आवाज ओळखला होता का. "फोनवर समजत नाही, साहेब," देवराव म्हणाले. एवढं एक वाक्य ते खोटं बोलले. डब्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही, कारण डब्याचं कुठं लिहिलेलंच नव्हतं. दुर्गेशचा जबाब त्यांच्यासमोरच झाला. तो मान खाली घालून म्हणाला, "मी म्हटलं, फोन लावू का? तो चढता चढता म्हणे, लाव तू. भाऊ मलेच मागतीन, तवरिक येतो मी."

चौकशीच्या साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ एकट्या देवरावांना कळला. वसंता बेफिकीर नव्हता. भाऊ आपल्याला विचारल्याशिवाय लाईन सोडत नाही, अकरा वर्षांत एकदाही सोडली नाही, या भरवशावर तो निवांत वर गेला होता. देवरावांनी विचारलं असतं तर दुर्गेश हसून मागं वळला असता. मागं वळला असता तर त्याला खांबावर वसंता दिसला असता.

दुर्गेशचं काम गेलं. तो आता वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवतो. देवरावांना काही झालं नाही.

चौथ्या दिवशी बोरटोलीची लाईन सुरू झाली. ना पाहुणे, ना फोटो. ड्यूटीवर देवरावच होते, त्यांनीच बटण दाबलं. दहा मिनिटांनी सिंधूताईंचा फोन आला. "आला जी लाईट," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जेवण तसंच राह्यलं सगळं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पहिल्या आठवड्यात नव्या लाईनीचा आकडा दोन-तीन अँपिअर असायचा. म्हणजे चाळीस घरांतले दिवे. मग पंखे आले, आकडा वाढला. टोलीत पिठाची चक्की बसली, विहिरीवर मोटर बसली, शाळेच्या दोन खोल्यांत ट्यूबलाईट लागल्या. मोबाईलची पिशवी घेऊन येणारा माणूस पानठेल्यावर दिसेनासा झाला. देवराव दर तासाला तो आकडा लिहायचे. चार. पाच. सकाळी चक्की सुरू झाली की सात. टोलीचं भलं झालं याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, ते चांगले मनाचे गृहस्थ आहेत. पण आनंद झाला नाही आणि दुःखही म्हणावं तसं झालं नाही. वसंताच्या तेरवीलाही त्यांना रडू आलं नव्हतं. आत कुणीतरी लाल पाटी अडकवून गेलं होतं आणि ती काढायला परत आलं नव्हतं.

आता परमिट परत करताना लाईनमनच्या मोबाईलवर चार आकडी नंबर येतो, तो सांगितल्याशिवाय लाईन सुरू करायची नाही, असा हुकूम निघाला आहे. चांगला हुकूम आहे. नंबर विचारायला कुणालाच लाज वाटत नाही.

देवकीला अनुकंपेवर नोकरी लागायला सव्वा वर्ष गेलं. कळमेश्वरच्या ऑफिसात, आस्थापनेच्या टेबलावर, कारकून म्हणून. वय त्रेचाळीस. मुलगी खुशी नागपूरला हॉस्टेलवर शिकते, घरी देवकी एकटीच. कॉम्प्युटर शिकली, साहेबांशी बोलायला शिकली. ऑफिसातले म्हणायचे, बाई कामाला चोख आहे, फक्त दुपारी जेवत नाही. एक वाजला की सगळे डबे उघडायचे आणि देवकी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन चहात टोस्ट बुडवून खायची. डबा आणतच नव्हती. कुणी म्हणे उपास करते, कुणी म्हणे एकट्या जिवासाठी कोण रांधत बसणार.

देवरावांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले आणि त्यांचे कागद तिच्याच टेबलावर आले. दोन वर्षं ते तिला टाळत होते. दिसली तर मान हलवायची, खुशी कशी आहे विचारायचं आणि निघायचं. आता टाळता येईना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऊन डोक्यात शिरेल अशा दुपारी, ते फाईल घेऊन पोचले तेव्हा एक वाजला होता. देवकी चहाचा कप घेऊन निंबाखाली बसलेली.

"बसा ना, भाऊजी," ती म्हणाली. "साहेब जेवून राह्यले. अर्धा घंटा लागन."

देवराव सिमेंटच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. समोर कुंपणात ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. तिनं त्यांच्यासाठीही चहा सांगितला. चहा आला, त्यांनी घोटभर प्यायला. गोड होता की फिका होता, कोण जाणे. आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डब्बा नाही का आनत वं, देवकी?"

शब्द बाहेर पडल्यावर त्यांना कळलं की आपण काय विचारलं. दोन वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

देवकीनं टोस्ट खाली ठेवला. "नाही आनत," ती म्हणाली. "हात नाही वळत डब्ब्याकडे. तुम्हाले तं माहीत हाय."

"मले काय माहीत?"

"त्या दिवशी मी डब्बा देल्ला नाही ना." ती इतक्या सपाट आवाजात बोलत होती की जणू कुणाच्या रजेचा अर्ज वाचून दाखवते आहे. "ते म्हणे, टोलीत जेवण हाय, तू झोप. मी झोपली. अर्धा घंटा जास्त झोपली. रोज साडेपाचले उठो, त्या दिवशी सहाले उठली. डब्बा देल्ला असता तं तुम्ही विचारलं असतं. डब्बाच नव्हता, तं तुम्ही काय विचारान? तुमचा काय दोष. मी एवढंच म्हणत राह्यते, दोन पोळ्या अन् चटनी बांधून देल्ली असती, तरी भागलं असतं."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत राहिला. आत कुणीतरी डब्याची झाकणं आपटत हसत होतं.

देवरावांनी कप बाकावर ठेवला. दोन वर्षं ही बाई हे घेऊन बसली होती. अर्ध्या तासाची झोप. आणि न मागता तिनं त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. नुसती मान हलवायची, दैव म्हणायचं, चहा संपवायचा. दोन महिन्यांनी निवृत्ती, मग कोण कुणाला भेटतंय. ती तिचा अर्धा तास घेऊन राहिली असती आणि ते त्यांचं घेऊन.

"उत्तर होतं," ते म्हणाले.

"काय?"

"सकाळी त्यानं सांगतलं होतं मले. डब्बा नाही, देवकीले सुट्टी देल्ली. मी म्हटलं, मंग संध्याकाळी काय सांगशीन? तो म्हणे, हेच. डब्बा नाही म्हणीन. ठरलं होतं आमचं."

देवकी त्यांच्याकडे पाहत राहिली. "मंग?"

"मी विचारलंच नाही."

"काहून?"

"साहेब लोकं होते खोलीत. पाव्हणे होते. फोटो काढून राह्यले होते. त्यायच्यासमोर डब्ब्याचं काय विचारू, असं झालं. लाज वाटली मले." त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना दुरून आल्यासारखा वाटला. "आवाज दुर्गेशचा होता. मले समजला होता."

निंबाचं एक पिवळं पान तिच्या कपात पडलं होतं, ते तिनं बोटानं काढून टाकलं.

"पाना आनाले गेले होते ते," ती शेवटी म्हणाली. "दुर्गेशभाऊ सांगून गेले मले. भाऊ मलेच मागतीन, म्हणे."

"हो. मी विचारीन म्हून गेला तो."

"म्हणजे डब्बा देल्ला असता, तरी..."

"तरी तेच झालं असतं. मी विचारणारच नव्हतो त्या दिवशी. तू काही नाही केलं, देवकी."

"लाज वाटली," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसता तो शब्द एकदा म्हणून पाहिला. मग उठली, नळावर कप विसळला, पदराला हात पुसले. "साहेबाचं जेवण झालं असन," असं म्हणून आत गेली. फाईल बाकावरच राहिली होती. ती तिनं शिपायाकरवी मागवून घेतली.

खरं बोललं की छाती हलकी होते म्हणतात. देवरावांची झाली नाही. घरी जाताना कळमेश्वरच्या चौकात ते सिग्नल नसतानाही थांबून राहिले, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा निघाले. देवकीनं जाऊन साहेबांना सांगितलं तर चौकशी पुन्हा उघडेल, निवृत्ती अडकेल, हे सगळं त्यांना कळत होतं, पण भीतीसुद्धा वाटत नव्हती. लतिकाबाईंना ते काही बोलले नाहीत. रोज ड्यूटीवर जात राहिले, काटे पाहत राहिले. बोरटोली सात. बोरटोली आठ. टोलीत आता कुणाकडे तरी फ्रिज आला होता.

तीन आठवडे गेले. फोन आला नाही, चौकशी उघडली नाही. देवकीनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीस ऑफिसातून निरोप आला, कागद तयार आहेत, सह्या करायला या.

ते पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. देवकी टेबलावर होती. तिनं मान वर करून पाहिलं, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि फाईल उघडली.

"लांजेवारजी, इथं सही करा."

तेरा वर्षं ती त्यांना भाऊजी म्हणत आली होती. देवरावांनी सही केली.

"इथं एक. पूर्ण नाव लिहा. तारीख टाका. आता इथं."

आवाज चांगला होता. रागाचा नव्हता, लोभाचा नव्हता. काउंटरवर येणाऱ्या कुठल्याही माणसाशी बोलावं तसा. ती एकेक पान उलटत होती आणि ते सह्या करत होते. एक वाजला. आजूबाजूच्या टेबलांवर खुर्च्या सरकल्या, डबे निघाले. देवकीनं घड्याळाकडे पाहिलं.

"तीन पानं राह्यले. करून ठेवा तुम्ही," ती म्हणाली.

आणि तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. जुना होता, एका बाजूनं चेपलेला. झाकणावर खिळ्यानं कोरलेली अक्षरं होती, व. ठ. देवरावांच्या हातातलं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगोबाई, आज डब्बा आनला वं?" देवकी "हो" म्हणाली. तिनं झाकण काढून बाजूला ठेवलं, पोळीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागली. सावकाश, नीट चावून, भूक लागलेलं माणूस जेवतं तशी. टेबलाच्या या बाजूला कुणी बसलेलं आहे, हे तिच्या ध्यानातही नसावं.

डब्याची कड उंच होती, आतलं दिसत नव्हतं. देवरावांनी खाली मान घातली, उरलेल्या तीन पानांवर सह्या केल्या, फाईल तिच्या बाजूला सरकवली आणि उठले. डब्यात काय होतं, ते त्यांनी विचारलं नाही.